लग्नाआधीचा कॅथलिक तयारी वर्ग, ठाणे : लग्नाच्या वर्षभरानंतर लिहिलेले परीक्षण

चर्चमध्ये लग्न करायचे असेल, तर मुंबई महाधर्मप्रांतात (कॅथलिक चर्चच्या प्रशासकीय विभागात) वधू-वरांना आधी एक तयारी वर्ग करावा लागतो आणि त्याचे प्रमाणपत्र लग्नाच्या कागदपत्रांना जोडावे लागते. मुंबईबरोबर ठाणे आणि रायगडचा भागही याच महाधर्मप्रांतात येत असल्याने उत्तनपासून उरणपर्यंत कोणत्याही चर्चमध्ये लग्न ठरले, तरी ही पायरी चुकत नाही. बहुतेक जोडपी या वर्गाकडे एक कागद मिळवण्याचा सोपस्कार म्हणून पाहतात. आमच्या ओळखीतल्या एका जोडप्यानेही “दोन दिवस बसायचं, चहा प्यायचा, सर्टिफिकेट घ्यायचं” एवढ्यातच त्याचे वर्णन आटोपले होते. लग्नाला वर्ष होत आले असताना मी मुद्दाम आता हे लिहीत आहे, कारण असल्या वर्गाचा कस प्रमाणपत्र हातात पडते त्या संध्याकाळी लागत नाही. सासरी पहिले आजारपण येते, पहिला मोठा खर्च निघतो आणि पहिले कडाक्याचे भांडण होते, तेव्हा त्यातले काय उपयोगी पडले ते कळते. माझे मत थोडक्यात असे, की यातली दोन-तीन सत्रे कोणत्याही धर्माच्या जोडप्याने ऐकावीत इतकी चांगली आहेत, एक सत्र वाईट आहे आणि एक अत्यंत गरजेचे सत्र मुळात नाहीच.

आमची परिस्थिती आधी सांगणे आवश्यक आहे. माझे माहेर वसईचे. घरात मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना), जपमाळ, नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) सगळे मराठीतून. नवरा कळव्याचा, हिंदू, गणपतीचे पाच दिवस घर दणाणून सोडणाऱ्या कुटुंबातला. वसईचा धर्मप्रांत १९९८ साली मुंबईपासून वेगळा झाला, त्यामुळे माझ्या बाप्तिस्म्याची नोंद तिकडची आणि नोकरीमुळे राहणे ठाण्यात, असा प्रकार होता. ठाण्यात केलेल्या वर्गाचे प्रमाणपत्र चालेल, असे दोन्हीकडून विचारून घेतल्यावर आम्ही ठाणे पश्चिमेतील एका चर्चमध्ये नाव नोंदवले. त्या चर्चचे नाव येथे देत नाही, कारण पुढे काही तक्रारी आहेत आणि त्या ज्यांच्याविषयी आहेत ते लोक रविवारची सुट्टी मोडून विनावेतन काम करतात.

पहिली तक्रार नोंदणीच्या टेबलावरचीच आहे. नवरा हिंदू आहे हे समजताच तिथल्या स्वयंसेवकाने, “मग यांना लिहून द्यावं लागेल की मुलं कॅथलिक होतील,” असे सांगितले. नवरा गप्प राहिला, पण घरी ही गोष्ट गेली आणि सासूबाईंनी मला सरळ विचारले, “अगं, तुमच्याकडे त्याला आधी ख्रिश्चन करून घेतात का?” प्रत्यक्षात यांपैकी काहीही खरे नाही. चर्चच्या १९८३ च्या कायदासंहितेतील ११२५ वे कलम अगदी स्पष्ट आहे : आपली श्रद्धा टिकवण्याची तयारी आणि मुलांचा बाप्तिस्मा व संगोपन कॅथलिक रीतीने होण्यासाठी आपल्याकडून होईल तेवढे सर्व करण्याचे वचन केवळ कॅथलिक जोडीदाराने द्यायचे असते. दुसऱ्याला त्या वचनाची पूर्ण कल्पना द्यायची असते. त्याच्याकडून वचन घ्यायचे नसते आणि धर्मांतराचा तर प्रश्नच येत नाही. दोघांपैकी एकाचा बाप्तिस्मा झालेला नसेल, तर धर्माध्यक्षांच्या (बिशपांच्या) अधिकारात मिळणारी सूट मात्र घ्यावीच लागते, कारण तिच्याशिवाय चर्चच्या दृष्टीने ते लग्न ग्राह्यच ठरत नाही. हे सर्व आम्हाला नंतर फादरांनी नीट समजावून दिले आणि सासूबाईंना फोनवरून मराठीत सांगण्याचे सौजन्यही त्यांनी दाखवले. परंतु नोंदणीच्या टेबलावर बसणाऱ्या माणसाला एवढे एक कलम ठाऊक नसावे, याला माफी नाही. आंतरधर्मीय लग्ने ठाण्यात काही नवलाची राहिलेली नाहीत आणि अशा एका चुकीच्या वाक्याने दोन घरांतले बोलणे महिनाभर बिघडू शकते.

वर्ग शनिवारी दुपारी सुरू होऊन रविवारी संध्याकाळच्या मिस्सेने संपला. सभागृह साधे, पंखे आवाज करणारे, खुर्च्या प्लॅस्टिकच्या. तरुण मुले-मुली जोडीने बसलेली. काही जण कंटाळून मोबाइल चाळत होते, तर ज्यांचा जोडीदार परदेशात होता अशा एक-दोघी एकट्याच आलेल्या होत्या. बोलण्यासाठी एक फादर, एक समुपदेशक, एक स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टर आणि संसाराची बरीच वर्षे पाठीशी असलेली दोन जोडपी होती. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ सालच्या आपल्या बोधपत्रात लग्नाच्या तयारीचे तीन टप्पे सांगितले आहेत : लहानपणी घरातून होणारी दूरची तयारी, मग तरुणपणीची, आणि लग्न तोंडावर आल्यावरची अखेरची. हा वर्ग त्यातला अखेरचा टप्पा आहे, म्हणून तो पहिल्या दोन्हींची भरपाई करील अशी अपेक्षा कोणी ठेवू नये, असे फादरांनी सुरुवातीलाच सांगितले. ही प्रामाणिक सुरुवात मला आवडली.

सर्वांत उपयुक्त ठरला तो पैशांविषयीचा तास. प्रत्येकाला एक छापील कागद दिला गेला आणि जोडप्यांना सभागृहाच्या दोन टोकांना बसवले गेले. प्रश्न कसलाही आडपडदा न ठेवता विचारलेले होते : तुमच्यावर आज कोणते कर्ज आहे, आई-वडिलांना दरमहा किती देता आणि लग्नानंतर किती देणार, भाऊ-बहिणीच्या शिक्षणाची किंवा लग्नाची जबाबदारी कोणावर आहे, दागिने कोणाच्या ताब्यात राहतील, जोडीदाराला न विचारता किती रुपयांपर्यंत खर्च करणे तुम्हाला योग्य वाटते. शेवटच्या प्रश्नापुढे मी पाच हजार लिहिले होते आणि नवऱ्याने पन्नास हजार. त्याहून महत्त्वाची गोष्ट पहिल्याच ओळीत होती. कळव्याचे घर सासऱ्यांच्या नावावर असले, तरी त्याचा हप्ता गेली कित्येक वर्षे हाच भरत होता आणि तो आणखी बराच काळ चालणार होता. त्याने ते लपवले नव्हते. घरात ते इतके गृहीत धरलेले होते, की सांगण्यासारखे काही आहे असे त्याला कधी वाटलेच नव्हते. आम्ही दोघे त्या कागदावर अर्धा तास बोललो, आवाज थोडा चढलासुद्धा, आणि शेजारून जाणाऱ्या समुपदेशकबाईंनी “चालू द्या, इथेच होऊन जाऊ दे,” एवढेच म्हटले. आज आमच्या घरात विचारल्याशिवाय करायच्या खर्चाची मर्यादा दहा हजार आहे आणि ती त्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवरच ठरली आहे.

प्रेमाविषयीचे सत्र ऐकताना मी सावध होते, कारण या विषयावर धार्मिक व्यासपीठावरून बरेचदा गोड-गोड बोलले जाते. संत पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातील तेरावा अध्याय लग्नात हमखास वाचला जातो. “प्रीती सहनशील आहे, परोपकारी आहे” ही ओळ आमच्याकडे लग्नपत्रिकांवरही छापतात. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली कुटुंबाविषयी जे बोधपत्र काढले, त्याच्या चौथ्या प्रकरणात याच अध्यायाचा शब्द न् शब्द घेऊन संसारात त्याचा अर्थ काय होतो ते सांगितले आहे, आणि सत्र त्यावरच आधारलेले होते. सहनशीलतेचा अर्थ सतत वाईट वागणूक सोसत राहणे, मारहाण सहन करणे किंवा दुसऱ्याला आपला वापर करू देणे असा होत नाही, हे त्यात स्पष्ट म्हटले आहे. फादरांनी ते वाचून दाखवले आणि वर असेही सांगितले, की त्याच बोधपत्रात काही वेळा वेगळे होणे अटळ असते, आणि दुबळ्या जोडीदाराला किंवा लहान मुलांना हिंसेपासून वाचवण्यासाठी ते नैतिकदृष्ट्या आवश्यकही ठरू शकते, असे नमूद केलेले आहे. माझ्या आजीच्या पिढीतल्या बायकांना चर्चमध्ये हे कोणी सांगितले नव्हते. “क्रूस आहे, वाहायचा” एवढेच सांगितले जात होते. चर्चची शिकवण लग्न अतूट मानते आणि त्याविषयी फादरांनी कसलीही पळवाट सुचवली नाही, तरीही अतूट लग्न आणि निमूट मार खाणे या दोन गोष्टी त्यांनी निःसंदिग्धपणे वेगळ्या केल्या. मला विचाराल तर या एका पाऊण तासासाठी मुलींच्या आयांनाही वर्गाला बसवावे.

त्यानंतर बोललेल्या जोडप्याने तात्त्विक काहीच सांगितले नाही. नवरा-बायको दोघेही पन्नाशी उलटलेले. “आम्ही भांडतो कसे, ते सांगतो,” म्हणून त्यांनी सुरुवात केली. भांडणात एकमेकांच्या आई-वडिलांचे नाव घ्यायचे नाही, जुना हिशेब काढायचा नाही आणि मुलांसमोर आवाज चढला तर समेटही मुलांसमोरच करायचा, असे त्यांचे नियम होते. सूर्यास्तापर्यंत राग ठेवू नये, हे संत पौलाचे इफिसकरांस लिहिलेल्या पत्रातले वचन सांगून त्या बाई म्हणाल्या, “आमचा सूर्य कधीकधी दोन दिवसांनी मावळतो, पण मावळतो.” पोप फ्रान्सिस संसारात तीन शब्द नेहमी हाताशी ठेवायला सांगत असत : कृपया, आभार आणि क्षमा. यांतला पहिला आपल्याकडे सर्वांत अवघड आहे, असे त्या काकांचे मत पडले, कारण मराठी नवरा बायकोला “पाणी दे” म्हणतो, “पाणी देतेस का?” असे त्याच्या तोंडून निघत नाही. सभागृह हसले, पण माझ्या शेजारच्याने ते ऐकून ठेवले असावे, कारण आमच्याकडे हल्ली प्रश्नचिन्ह वापरले जाते.

संमतीविषयी जे सांगितले गेले त्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष झाले, पण तो भाग मोलाचा होता. कॅथलिक समजुतीप्रमाणे लग्न फादर लावत नाहीत. वधू-वरांची परस्परांना दिलेली संमतीच लग्न घडवते, आणि फादर चर्चच्या वतीने ती विचारून स्वीकारतात. म्हणून ती संमती मोकळी आहे की नाही, याला अतोनात महत्त्व आहे. जबरदस्तीने किंवा जबर भीतीपोटी दिलेली संमती ग्राह्य नसते. लग्नाच्या मूलभूत जबाबदाऱ्या समजण्याची वा पेलण्याची मानसिक क्षमता नसेल, तरी ते लग्न मुळातच झाले नव्हते असा निर्णय चर्चचे न्यायालय देऊ शकते. वर्गानंतर काही आठवड्यांनी लग्नाच्या चौकशीचा अर्ज भरताना फादरांनी आम्हा दोघांना वेगवेगळे आत बोलावले. दार लोटून घेऊन त्यांनी मला विचारले, की या लग्नासाठी घरातून किंवा बाहेरून कोणाचा दबाव आहे का, आणि आज नाही म्हणावेसे वाटले तर नाही म्हणता येईल का. माझ्यावर दबाव नव्हता, तरीही उत्तर द्यायला मला क्षणभर वेळ लागला, कारण इतक्या स्पष्टपणे ते मला आजवर कोणी विचारलेच नव्हते. साखरपुड्याची तारीख, हॉल, मेन्यू, सगळे विचारून झाले होते. नात्यातल्या ज्या मुलींची लग्ने “बघण्याच्या” दोन बैठकींत ठरली, त्यांना कोणी असे एकांतात विचारले असते तर काय झाले असते, हा विचार तेव्हापासून माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

शनिवारची संध्याकाळ आराधनेसाठी होती. चर्चमध्ये दिवे मंद केलेले, वेदीवर पवित्र साक्रामेंत (ख्रिस्ताचे शरीर मानला जाणारा अभिमंत्रित पाव) ठेवलेला, आणि अर्धा तास कोणीही काही बोलायचे नाही. ज्यांना पापनिवेदन करायचे होते त्यांच्यासाठी बाजूला दोन फादर बसले होते. बाहेरून कोणत्याशा वरातीच्या बँजोचा आवाज येत होता, आणि त्या आवाजातच सर्व जण बसून राहिले. फादरांनी आधी योहानाच्या शुभवर्तमानातील येशूचे वाक्य वाचले : “मी आपली शांती तुम्हांला देतो, जसे जग देते तसे मी तुम्हांला देत नाही.” हे वाक्य येशूने अटक झाली त्याच रात्री, अटकेच्या थोडे आधी म्हटले आहे, समोर मरण दिसत असताना दिलेली ती शांती आहे, म्हणून ती निवांतपणाहून निराळी असली पाहिजे, एवढेच बोलून ते गप्प बसले. नवरा माझ्याशेजारी हात जोडून बसला होता. आपण इथे काय करायचे असते, असे त्याने आधी विचारले होते आणि मी त्याला बस म्हटले होते. नंतर तो म्हणाला, की घरच्या आरतीत त्याला देव जवळचा वाटतो, पण इतका वेळ देवासमोर काही न मागता बसणे त्याच्या वाट्याला प्रथमच आले.

त्याच संध्याकाळी झोपण्यापूर्वीची एक साधना शिकवली गेली, जी आम्ही दोघांनी, जमेल तशी, पुढे चालू ठेवली आहे. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांनी सोळाव्या शतकात सांगितलेली ही आत्मपरीक्षणाची रीत आहे : दिवसाबद्दल आभार मानायचे, स्वतःकडे पाहण्यासाठी प्रकाश मागायचा, दिवस तासागणिक आठवायचा, जिथे चुकले तिथे क्षमा मागायची आणि उद्यासाठी काही ठरवायचे. पंधरा मिनिटे पुरतात. नवरा त्यात ख्रिस्ताचे नाव घेत नाही आणि मी घेते. दिवस आठवण्याचे काम मात्र दोघांचे सारखेच चालते. इग्नेशियस यांचाच आणखी एक नियम फादरांनी सांगितला आणि माझ्या मते तो संपूर्ण वर्गातला सर्वांत व्यवहारी सल्ला होता. मन खिन्न, कोरडे, अस्वस्थ असेल तेव्हा आधी घेतलेला निर्णय बदलायचा नाही. मन शांत असताना जे ठरवले होते त्यालाच धरून राहायचे. गेल्या पावसाळ्यात सासऱ्यांच्या आजारपणात माझी रजा संपत आली होती, घरात कोणाचेच कोणाशी पटत नव्हते आणि मी वसईला निघून जाण्याची बॅग अर्धी भरलेली होती. हा नियम आठवला म्हणून मी गेले नाही, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. रात्र झाली होती आणि लोकल बंद पडल्या होत्या, हेही खरे आहे. पण सकाळी बॅग रिकामी करताना तो नियम आठवला, आणि आता असे काही ठरवायचे असेल तर आम्ही दोघेही आधी विचारतो, की हे शांत डोक्याने ठरवतोय ना?

आता वाईट सत्राकडे येते. कुटुंबनियोजनाच्या नैसर्गिक पद्धतींवरचा तास घाईघाईने उरकला गेला. पोप सहावे पॉल यांच्या १९६८ च्या परिपत्रकापासून कृत्रिम संततिनियमनाविषयी चर्चची भूमिका काय आहे, हे सर्वांना ऐकून माहीत असते; ती पटो वा न पटो, तिच्यामागचा विचार नीट समजून घेण्याचा वर्गात बसलेल्यांना अधिकार आहे. तो विचार दोन वाक्यांत संपला. त्यानंतर मेलबर्नचे डॉक्टर दांपत्य जॉन व एव्हलिन बिलिंग्ज यांनी विकसित केलेली, स्त्रीच्या शरीरातल्या स्रावांच्या निरीक्षणावर आधारलेली पद्धत पडद्यावरच्या चित्रांतून भराभर दाखवण्यात आली. पाळी अनियमित असेल तर काय, थायरॉइडचा त्रास असेल तर काय, बाळंतपणानंतर नोंदी कशा ठेवायच्या, असले प्रश्न विचारायला वेळच ठेवलेला नव्हता, आणि एवढ्या मुलांसमोर हात वर करून हे विचारण्याची हिंमत कोणत्या मुलीला होणार? डॉक्टरबाई जाणकार होत्या, पण त्यांना जेवणाआधीची वीस मिनिटे दिली होती. ही पद्धत शिकायला काही महिन्यांच्या नोंदी आणि शिकवणाऱ्या व्यक्तीशी वारंवार भेट लागते. चर्चला ती खरोखर महत्त्वाची वाटत असेल, तर तिच्यासाठी स्त्रियांची वेगळी बैठक आणि पुढच्या भेटींची सोय हवी.

जे सत्र असायलाच हवे होते आणि नव्हते, ते देशाच्या कायद्याचे. चर्चमधल्या लग्नाला १८७२ चा भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा लागू होतो, आणि वधू-वरांपैकी एक जण ख्रिस्ती असला तरी तो लागू होतो. ख्रिस्ती घटस्फोटाचा कायदा १८६९ चा आहे. २००१ च्या दुरुस्तीपूर्वी नवऱ्याला पत्नीचा व्यभिचार सिद्ध केला की पुरत असे, पत्नीला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रौर्य किंवा परित्याग यांसारखे काही सिद्ध करावे लागे. हा अन्याय त्या दुरुस्तीने दूर केला आणि परस्परसंमतीने घटस्फोटाची तरतूदही तेव्हाच आली. चर्चच्या न्यायालयाने लग्न रद्दबातल ठरवले, तरी सरकारदरबारी ते लग्न कायमच राहते. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली हे स्पष्ट केले आहे आणि तरीही चर्चचा कागद मिळाला की दुसरे लग्न करता येते, असे मानणारे लोक आमच्याच गावात मला माहीत आहेत. मिश्र जोडप्याने विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी करायची की चर्चमधली नोंद पुरे, वारसाहक्कावर त्याचा काय परिणाम होतो, हे प्रश्न आमच्यासारख्यांना पडतातच. चर्चमध्ये वकील मंडळींची काही वाण नसते. एखाद्या वकिलाला तासभर बोलावणे कठीण नाही.

भाषेविषयीही बोलले पाहिजे. पूर्ण वर्ग इंग्रजीत झाला. नवऱ्याला इंग्रजी येते, मलाही येते, पण मनातले बोलायचे तेव्हा आम्ही दोघे मराठीत बोलतो, आणि आमच्या मागच्या रांगेतला कोळी मुलगा दोन्ही दिवस एक अक्षर बोलला नाही, तो चहाच्या वेळी मात्र मराठीतून धबधब्यासारखा बोलत होता. टोलेन्तिनोचे थॉमस आणि त्यांचे तीन सोबती या फ्रान्सिस्कन संन्याशांना १३२१ साली ठाण्यात हौतात्म्य आले, म्हणजे या शहराचा ख्रिस्ती धर्माशी संबंध पोर्तुगीज येण्याच्याही पावणेदोनशे वर्षे आधीचा आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर उपासना लोकभाषेत आली, त्यालाही साठ वर्षे होत आली आहेत. ईस्ट इंडियन (मुंबई-ठाणे परिसरातला मूळचा कॅथलिक समाज), कोळी, वसईकडून आलेले आणि मराठवाडा-अहिल्यानगरहून नोकरीसाठी आलेले मराठी कॅथलिक ठाणे-नवी मुंबईत पुष्कळ आहेत, शिवाय आमच्यासारख्यांचे हिंदू जोडीदार आहेत. पैशांचा तो छापील कागद तरी मराठीत असता, तर मागच्या रांगेतल्या मुलाने आणि त्याच्या होणाऱ्या बायकोने तो कोरा परत केला नसता.

लग्नाचा विधी आमच्या बाबतीत मिस्सेविना झाला, कारण एक जण बाप्तिस्मा न झालेला असेल तेव्हा वचने, वाचन आणि आशीर्वाद एवढाच विधी सहसा ठेवतात. असे लग्न चर्च वैध मानते, पण त्याला संस्काराचा दर्जा देत नाही. माझ्या आईला याचे थोडे वाईट वाटले. फादरांनी वर्गातच याची पूर्वकल्पना दिलेली असल्याने लग्नाच्या दिवशी त्यावरून काही झाले नाही.

वर्गाची सर्वांत मोठी उणीव त्याच्यानंतरची आहे. पोप फ्रान्सिस यांच्या त्याच बोधपत्रात लग्नानंतरच्या पहिल्या काही वर्षांत जोडप्यांना सोबत देण्यावर भर आहे, परंतु प्रमाणपत्र दिल्यानंतर आम्हाला कोणी फोन केला नाही की बैठकीला बोलावले नाही. सासऱ्यांच्या आजारपणानंतर मीच चर्चच्या कार्यालयात जाऊन, भांडणाचे नियम सांगणाऱ्या त्या जोडप्याशी भेट घालून द्याल का, असे विचारले. तेव्हा ती आनंदाने घालून दिली गेली आणि आम्ही दोघे एका रविवारी त्यांच्या घरी बोंबलाची आमटी जेवून आलो. मागितले तर मिळते, असा याचा अर्थ. फक्त मागता येते हे कोणी सांगत नाही.

नोंदणी करणाऱ्यांसाठी काही सूचना. तारीख ठरण्याची वाट न पाहता लग्नाच्या सहा महिने आधी वर्ग करावा. ईस्टरनंतर आणि पावसाळा सरताना गर्दी होते, कारण प्रायश्चित्तकाळात (ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत) आणि आगमनकाळात (नाताळाआधीच्या आठवड्यांत) लग्ने सहसा ठेवत नाहीत आणि सगळे उरलेल्या महिन्यांवर तुटून पडतात. कॅथलिक जोडीदाराने बाप्तिस्म्याचा दाखला नव्याने काढून घ्यावा. जुना, लॅमिनेट केलेला दाखला चालत नाही, कारण आधी लग्न झाले असल्यास त्याची नोंद बाप्तिस्म्याच्याच वहीत होते आणि ती ताज्या दाखल्यावर दिसते. हिंदू जोडीदाराकडून आमच्या वेळी अविवाहित असल्याचे प्रतिज्ञापत्र मागितले होते. मिश्र लग्नाच्या परवानगीचा अर्ज धर्मग्रामाच्या (स्थानिक चर्चच्या) कार्यालयातून वर जातो आणि परत येतो, तेव्हा हॉलचे आगाऊ पैसे भरण्यापूर्वी तो मार्गी लावावा. शुल्क माफक आहे, त्यात दोन्ही दिवसांचा चहा, रविवारचे जेवण आणि एक पुस्तिका येते. गाडी आणू नये. आवारात लग्नाची पार्टी असेल तर स्कूटर लावायलाही जागा मिळत नाही, आणि स्टेशनवरून रिक्षा मिळते.